दिसलं नाही, हेही लिहायचं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, थट्टा ठेवली आहे.)

सर्व गुरुजन आणि १९९५ च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

समितीने मला बोलायला सांगताना दोन अटी घातल्या. पहिली, नोकरीबद्दल बोलायचं नाही. आपल्या तुकडीत सॉफ्टवेअरवाले अकरा आहेत, तेच तेच ऐकून जेवण गार होईल. दुसरी, वीस मिनिटांच्या वर जायचं नाही. म्हणून मी देवमाशांवर बोलणार आहे. नोकरी मध्ये एकदाच डोकावेल, तेवढं चालवून घ्या.

कंपनीच्या कामासाठी मी दोन वर्षं एडिंबराला होते. तिथल्या दुसऱ्या उन्हाळ्यात, जून महिन्यात, मी आठवडाभराची एक सहल केली. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याला हेब्रिडीज नावाची बेटं आहेत. त्यांच्यामधून बोटीने फिरायचं, बोटीवरच जेवायचं-झोपायचं आणि दिवसभर समुद्रातले प्राणी आणि पक्षी बघायचे. सोबत एक जाणकार मार्गदर्शक. बोट मासेमारीची होती, तीच दुरुस्त करून प्रवाशांसाठी केलेली. आम्ही आठजण. खर्चाचा आकडा ऐकून आईने फोनवर विचारलं, "एवढ्या पैशात एखादा घरी नेऊ देतात का गं?"

माझ्यासोबत आपल्याच वर्गातली एकजण होती. आता ती ग्लासगोला डॉक्टर आहे. नाव घेऊ नकोस अशी तिने तंबी दिली आहे, आणि ती इथेच, डावीकडे तिसऱ्या रांगेत बसली आहे. पहिल्या दिवशी बोटीला सगळ्यात आधी लागली ती हीच. बोट लागू नये म्हणून गोळ्या वाटल्या होत्या तिनेच. ए, हसू नकोस, पुढे तुझं कौतुकही येणार आहे.

भूगोलाच्या बाई समोर बसल्या आहेत, म्हणून जागा नीट सांगते. हा किनारा साधारण ५६ ते ५८ उत्तर अक्षांशावर आहे. अटलांटिकच्या पलीकडे, त्याच अक्षांशावर लॅब्राडोर आहे, आणि तिथला समुद्र हिवाळ्यात गोठतो. इकडचा गोठत नाही. बाई, नववीत तुम्ही नकाशावर लाल खडूने काढलेला उष्ण प्रवाह आठवतो? तोच. तो प्रवाह इथवर येतो. त्यात किनारा असा फाटलेला की, जमीन कुठे संपते आणि समुद्र कुठे सुरू होतो ते कळू नये. लांबलचक खाड्या, मध्ये बेटं, बेटांमध्ये अरुंद सामुद्रधुन्या. भरती-ओहोटीचं पाणी त्यांतून जोराने धावतं, तळाच्या खडकांवर आपटतं आणि खालचं थंड, पोषक पाणी वर आणतं. त्यावर प्लवक वाढतात, प्लवकांवर छोटे मासे, आणि त्यांच्यामागे बाकी सगळे. जुरा आणि स्कार्बा या दोन बेटांमध्ये पाण्याचा प्रचंड भोवरा तयार होतो. १९४७ साली त्या भोवऱ्यात जॉर्ज ऑर्वेलची होडी सापडली होती आणि तो थोडक्यात वाचला. त्या वेळी तो जुरावर राहून 'नाइन्टीन एटी-फोर' लिहीत होता. म्हणजे ते पुस्तक जवळजवळ बुडालंच होतं म्हणा ना.

आम्ही ओबान बंदरातून निघालो. पहिलं मोठं बेट लागतं त्याचं नाव मल. उच्चार असाच आहे, मी काही करू शकत नाही. पण त्या बेटाकडे बोटीतून बघताना आम्ही दोघी एकदमच म्हणालो, "अगं, हा तर आपला सह्याद्री!" एकावर एक थर, पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर, माथे सपाट. योगायोग नाही. तोही लाव्हाचा बेसाल्ट आणि आपलाही. आपला साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, त्यांचा सहा कोटींच्या आसपासचा. जवळच्या स्टाफा बेटावर त्याच बेसाल्टचे षटकोनी खांब उभे आहेत, अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला आहेत तसेच, पण समुद्रात. जर्मन संगीतकार मेंडेल्सझोन १८२९ साली तिथली गुहा पाहून गेला आणि त्याने त्यावर रचना केली. आमच्या बोटीवरच्या एका जर्मन आजोबांनी ती गुणगुणून दाखवली. बरी गुणगुणली.

आता मार्गदर्शक बाईंबद्दल. पन्नाशी ओलांडलेल्या, मलवरच राहणाऱ्या, चेहरा वाऱ्याने रापलेला. पहिल्या संध्याकाळी त्यांनी आम्हाला जमवून सांगितलं, की रोज गरम सूप आणि चार वेळा चहा मिळेल ही हमी आहे, याशिवाय कशाचीही हमी नाही. आमच्यातल्या एका गृहस्थांना हे आवडलं नाही. ते म्हणाले, माहितीपत्रकावर तर देवमाशाचा फोटो आहे! बाई म्हणाल्या, हो, तो फोटो मीच काढलाय, आणि तो काढायला मला तीन उन्हाळे लागले.

समुद्राकडे बघायचं कसं, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी शिकवलं. आपण समुद्राकडे बघतो म्हणजे खरं तर काहीच बघत नाही, नुसते हरखून जातो. त्यांनी सगळ्यांच्या दुर्बिणी आधी खाली ठेवायला लावल्या. बोटीच्या पुढच्या टोकाला बारा वाजले असं समजायचं आणि सगळा समुद्र घड्याळासारखा वाटून घ्यायचा. दोघांनी उजवी बाजू, दोघांनी डावी, तासाने बदली. नुसत्या डोळ्यांनी, सावकाश, जवळून दूर आणि दुरून जवळ. प्राणी शोधायचा नाही. जे बाकीच्यासारखं नाही ते शोधायचं. लाटांच्या ओळीत एखादी जागा गुळगुळीत आहे का? पक्षी एकाच जागी घिरट्या घालतायत का? गॅनेट नावाचा पांढरा मोठा पक्षी पंख मिटून उंचावरून सुरीसारखा पाण्यात पडतो. तो पडायला लागला की खाली मासळी आहे, आणि मासळी आहे तिथे आणखीही कुणी असू शकतं. कुणी ओरडलं, "दोन वाजता!" की सगळ्यांनी त्या दिशेला बघायचं. पहिल्यांदा ही हाक आली तेव्हा आपल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जेवण दोनला? मग आत्ता काय आहे?"

आणि दर अर्ध्या तासाला वहीत नोंद. वेळ, बोट कुठे आहे, वारा किती, समुद्र किती खवळलेला, किती दूरवरचं दिसतंय, किती जोड्या डोळे पाहत आहेत. मग काय दिसलं. आणि काहीच दिसलं नसेल तर तेही: 'पाहिलं, दिसलं नाही.' पहिल्या दिवशी आमच्या वहीत हे वाक्य अकरा वेळा होतं. माहितीपत्रकवाल्या गृहस्थांनी विचारलं, की रिकाम्या पानांची नोंद कशाला? बाईंनी उत्तर द्यायच्या आधी मीच बोलून गेले, कारण इथे माझी नोकरी आली.

आमच्या धंद्यात शून्य आणि नल या दोन निराळ्या गोष्टी आहेत. खात्यात शून्य रुपये आहेत म्हणजे कुणीतरी मोजलं आणि शून्य निघालं. नल म्हणजे कुणी मोजलंच नाही. पडद्यावर दोन्ही सारखेच रिकामे दिसतात, आणि त्यांची गल्लत झाली की काय काय घडतं याच्या गोष्टी आपले बाकीचे दहाजण जेवताना सांगतील. शिक्षकांना हे सांगायची गरजच नाही. हजेरीपटात मुलापुढे 'गैरहजर' लिहिणं वेगळं आणि चौकोन कोरा असणं वेगळं. कोरा चौकोन म्हणजे त्या दिवशी हजेरीच घेतली गेली नाही.

समुद्राचंही तसंच आहे. एखाद्या भागात दहा वर्षांत फक्त पाच देवमासे दिसले, एवढंच सांगितलं तर त्याचा काही अर्थ लागत नाही. तिथे पाच तास पाहिलं की पाच हजार? समुद्र शांत होता की फेसाळलेला? हे माहीत असेल तरच पुढच्या दहा वर्षांशी तुलना करता येते. मलवरच्या टोबरमोरी गावात १९९४ पासून हेब्रिडियन व्हेल अँड डॉल्फिन ट्रस्ट नावाची संस्था आहे. त्यांची 'सिल्युरियन' नावाची शिडाची बोट गेली वीसेक वर्षं हेच करते आहे. तिच्यावर पैसे भरून आलेले साधे लोक पाळीपाळीने पहारा देतात. त्या बोटीने लाख किलोमीटरहून जास्त समुद्र असा पाहून नोंदवला आहे. संस्थेचं 'व्हेल ट्रॅक' नावाचं अॅप आहे, त्यात आपण किती वेळ, कुठून कुठे पाहिलं याची फेरीच्या फेरी नोंदवता येते, काही दिसो न दिसो. आमची वही रोज रात्री त्यात भरली जायची. २०२० साली तिथल्या सरकारने हेब्रिडीजचा समुद्र संरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर केला, मिंकी देवमासा आणि बास्किंग शार्क यांच्यासाठी. त्यामागे अशा हजारो कंटाळवाण्या ओळी आहेत.

माझ्या हातात आपल्या मेळाव्याची यादी आहे. समितीने कष्ट घेतले आहेत, टाळ्या त्यांच्यासाठी झाल्याच आहेत. बासष्ट नावं. नऊ नावांपुढे फोन नाही. त्यातल्या चार नावांपुढे कुणीतरी बारीक अक्षरात लिहिलंय: 'गावी जाऊन विचारलं, घर विकलंय', 'भावाशी बोलणं झालं, पत्ता देत नाहीत', असं. उरलेल्या पाच नावांपुढे काहीच नाही. या पाचांचं काय, एवढंच विचारायचं होतं. पुढे जाते.

तिसऱ्या दिवशी कॉल बेटाच्या उत्तरेला पाणी तेलासारखं शांत झालं. आधी वास आला. खरंच सांगते, आधी वास. सडलेल्या कोबीचा म्हणा किंवा मच्छीमार्केटचा संध्याकाळचा. मिंकीच्या उच्छ्वासाला इतका वास असतो की तिथले लोक त्याला त्यावरूनच चिडवतात. मग डावीकडे, दहा वाजता, काळी चकचकीत पाठ वर आली, लांबच लांब, आणि तिच्या बऱ्याच मागे छोटा आकडीसारखा पर. ना कारंजं, ना शेपटी वर. मिंकी शेपूट दाखवत नाही. नुसती पाठ कमान करते आणि जाते. सात-आठ मीटर लांबीचा प्राणी, आणि सगळं मिळून चार सेकंद. मग सहा मिनिटं काही नाही. पुन्हा चार सेकंद, भलतीकडेच. असं पाऊण तास चाललं. आमच्यातलं कुणीही बोलत नव्हतं. आणि पहिल्यांदा ती पाठ पाहिली होती कुणी? तिसऱ्या रांगेतल्या या बाईंनी. पोटात काही ठरत नसताना, रेलिंगला टेकून, आपली बाजू सोडली नव्हती तिने. हे ते कौतुक.

त्या पाऊण तासात आमची बोट एकदाही देवमाशाच्या दिशेने गेली नाही, हे मला नंतर लक्षात आलं. कप्तानाने वेग अगदी कमी केला, मग इंजिन मोकळं सोडलं. तिथे यासाठी संहिता आहे: मागून पाठलाग करायचा नाही, समोरून वाट अडवायची नाही, जायचंच तर बाजूने, समांतर, सावकाश, कळपाच्या मधे घुसायचं नाही, पिल्लू असेल तर लांबच राहायचं, आणि थोड्या वेळाने निघून जायचं. जवळ यायचं की नाही हे प्राणी ठरवणार. यायचे ते येतातच. कॉमन डॉल्फिन तर शंभरेक आले, बोटीच्या नाकाशी खेळत, आडवे होऊन आमच्याकडे बघत. लुंगा नावाच्या निर्मनुष्य बेटावर पफिन पक्षी तर हातभर अंतरावर येऊन उभे राहिले. लाल-पिवळ्या चोचीचे, वितभर उंचीचे, वऱ्हाडी मंडळींसारखे तुरुतुरु चालणारे. बाई म्हणाल्या, की माणसं आली की त्यांना मारणारे मोठे पक्षी लांब राहतात, म्हणून पफिनना माणसांचा आधार वाटतो. त्या बेटावर दोन तास बसलो. त्याचं वर्णन करत बसले तर समिती घंटा वाजवेल.

त्या किनाऱ्यावर माणसाचा आधार वाटावा असा इतिहास मात्र नाही. हॅरिस बेटावर नॉर्वेच्या लोकांनी १९०४ साली देवमासे कापायचा कारखाना काढला. १९२२ साली तो लॉर्ड लिव्हरह्यूमने विकत घेतला. लिव्हर म्हणजे तेच, आपल्या घरी न्हाणीघरात जे लाल लाइफबॉय असायचं त्याचे मूळ मालक. देवमाशाचं तेल साबणात आणि मार्गारीनमध्ये जायचं. कारखान्याचं विटांचं धुराडं अजून उभं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर गॅव्हिन मॅक्सवेल नावाच्या माणसाने सोए बेटावर बास्किंग शार्क मारायचा धंदा काढला, यकृताच्या तेलासाठी. हा शार्क दहा मीटरपर्यंत वाढतो आणि तोंड उघडून नुसते प्लवक गाळून खातो. धंदा बुडाला. पुढे तोच मॅक्सवेल पाणमांजरांवर पुस्तक लिहून जगप्रसिद्ध झाला. पांढऱ्या शेपटीचा समुद्रगरुड तर ब्रिटनमधून पार संपला होता, शेवटचा १९१८ साली मारला गेला. १९७५ पासून नॉर्वेहून पिल्लं आणून रम बेटावर सोडली, आणि १९८५ साली मलवर पहिलं पिल्लू घरट्यातून उडालं. आम्ही पाहिला तो त्या वंशातलाच असणार: पंख पसरले की दार उघडल्यासारखे. मेंढपाळ त्याच्यावर खूश नाहीत, कोकरं उचलतो म्हणतात. बोटीवर बसून गरुडाचं कौतुक करणं सोपं आहे, एवढं मी मनात म्हटलं.

आता ज्यांच्यासाठी आठवडाभर आमचे डोळे सगळ्यात जास्त ताणले गेले, त्यांच्याबद्दल. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑर्कांचा, म्हणजे किलर व्हेलचा, एक छोटा गट राहतो. उत्तरेकडच्या शेटलंड-ऑर्कनीला दिसणारे ऑर्का वेगळे, त्यांच्यात पिल्लं दिसतात, त्यांचं बरं चाललंय. हा पश्चिमेचा गट निराळा. एके काळी त्यात दहाच्या आसपास होते. आता दोनच दिसतात, दोघेही नर. त्यांना नावं आहेत: जॉन को आणि अॅक्वेरियस. पाठीवरचा पर हा त्यांचा चेहरा; जॉन कोच्या परात बुडाशी मोठी खाच आहे, त्यावरून तो लांबूनही ओळखू येतो. १९८० पासून त्याचे फोटो आहेत. म्हणजे आपण चालायला शिकत होतो तेव्हा तो तिथे फिरत होता.

त्यांच्यात लुलू नावाची मादी होती. जानेवारी २०१६ मध्ये ती टायरी बेटाच्या किनाऱ्यावर मेलेली सापडली. खेकडे आणि कोळंबी धरायचे पिंजरे समुद्रतळाशी दोरांनी बांधून सोडतात, त्या दोरात ती अडकली होती. तिची तपासणी झाली तेव्हा कळलं, की तिचं वय वीसच्या पुढे असावं, पण तिला कधीच पिल्लू झालेलं नव्हतं. आणि तिच्या चरबीत पीसीबी नावाची रसायनं सापडली: जेवढ्या प्रमाणाच्या पुढे नुकसान होतं असं मानतात, त्याच्या शंभरपट.

आपल्यातले इलेक्ट्रिकलवाले आता मान हलवतायत. पीसीबी म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरमधलं तेल. पेटत नाही, बिघडत नाही, वर्षानुवर्षं टिकतं. अभियंत्याच्या दृष्टीने आदर्श माल. ब्रिटनमध्ये १९८१ साली त्यावर बंदी आली. पण टिकाऊपणा हाच त्याचा गुण होता ना, तो गुण त्याने समुद्रातही दाखवला. प्लवकांतून छोट्या माशांत, त्यांच्यातून मोठ्या माशांत, सीलमध्ये, आणि शेवटी सगळ्यांना खाणाऱ्या ऑर्काच्या चरबीत. प्रत्येक पायरीला वाढत. मादीला पिल्लू झालं तर दुधातून बरंचसं विष पिल्लात उतरतं. ज्याने कुणी ते तेल बनवलं तो वाईट माणूस नव्हता. त्याने नेमून दिलेलं काम चोख केलं होतं, आपण सगळे करतो तसंच. त्या गटावर अभ्यास सुरू झाल्यापासून त्यात एकही पिल्लू दिसलेलं नाही. मादी उरलेली नाही. म्हणजे त्या दोघांनंतर तो गट संपणार, हे जवळजवळ ठरलेलं आहे.

हे ऐकल्यावर बोटीवर माहितीपत्रकवाले गृहस्थ म्हणाले, मग त्यांना बघण्यात काय अर्थ आहे? मला तो प्रश्न उद्धट नाही वाटला. बाई जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, मे २०२१ मध्ये हे दोघं इंग्लंडच्या पार दक्षिण टोकाला, कॉर्नवॉलला दिसले. एवढे खाली ते जातात हे तोवर कुणाला माहीत नव्हतं. चाळीस वर्षं फोटो असलेल्या प्राण्याबद्दलही! ते कळलं कारण तिथे कुणीतरी बघत होतं आणि त्या व्यक्तीने फोटो पाठवला. आणि दोरांचं म्हणाल तर, संशोधकांनी मच्छीमारांच्याच घरी बसून विचारलं, नोंदी काढल्या, आणि समजलं की देवमासे बहुतेक वेळा अडकतात ते पिंजऱ्या-पिंजऱ्यांमधल्या तरंगत्या दोरात. तो दोर बुडणारा वापरला तर? त्याचे प्रयोग आता मच्छीमारच करतायत. लुलूला त्याचा उपयोग नाही. मिंकीला होईल.

त्या रात्री जेवणात कोळंबी होती, पिंजऱ्यातली. आम्ही दोघी शाकाहारी पंगतीत होतो म्हणून सुटलो, पण टेबलावर जरा शांतता होती.

आम्हाला ते दोघे दिसले नाहीत. पाच दिवसांच्या वहीत रोज शेवटच्या रकान्यात तेच: 'पाहिलं, दिसलं नाही.' पण आता ते लिहिताना माहितीपत्रकवाले गृहस्थसुद्धा घड्याळ बघून नेमकी वेळ सांगत होते, आणि समुद्राची अवस्था दोन की तीन यावर जर्मन आजोबांशी हुज्जत घालत होते.

परत आल्यावर मागच्या दिवाळीत घरच्यांना घेऊन कोकणात गेले होते. तिथे डॉल्फिन दाखवायची फेरी असते, तुमच्यापैकी बरेचजण गेला असाल. आपल्या किनाऱ्यालगत हम्पबॅक डॉल्फिन आहेत, उथळ पाण्यात राहणारे, तसे लाजाळू. चार होड्या इंजिनं भरधाव सोडून दोन डॉल्फिनांमागे होत्या. आमच्या नावाड्याला मी म्हटलं, "दादा, इंजिन बंद करून जरा थांबू या का?" तो म्हणाला, "ताई, दिसला नाही तर लोक पैसे परत मागतात." त्याचं खोटं नाही. मागतात. तिथल्या मार्गदर्शक बाई सूप आणि चहाची हमी देऊ शकल्या, कारण ऐकणारे आठजण ते ऐकून घ्यायला तयार झाले. आपल्याकडे वेळासला २००२ पासून कासवांचं काम चाललंय, तिथे पहाटे उठून जाणाऱ्यांना माहीत असतं की आज पिल्लं निघतीलच असं नाही. तरी लोक जातात. तेव्हा आपल्याला जमत नाही असं नाही.

त्या नावाड्याला मी सांगितलं, पैसे परत मागणार नाही. त्याने इंजिन बंद केलं. वीस मिनिटं थांबलो. एक पाठ लांबवर दिसली, एकदाच. माझा मुलगा म्हणाला, "दोन वाजता," तर माझे सासरे घड्याळ बघायला लागले.

तिकडे जायचं असेल तर चार व्यवहाराच्या गोष्टी. मे-जून चांगले, उजेड रात्री दहानंतरही असतो. पफिन ऑगस्टच्या सुरुवातीला निघून जातात, बास्किंग शार्क मात्र जुलै-ऑगस्टला जास्त. डासांचे चुलतभाऊ मिजेस उन्हाळ्यात संध्याकाळी फाडून खातात, जाळीची टोपी न्या. एवढ्या पैशांची बोट घेण्याची गरजही नाही: ओबानहून मलला जाणाऱ्या साध्या फेरीबोटीच्या डेकवरून आम्हाला पॉरपॉइज दिसले, आणि अर्डनामर्कनच्या दीपगृहापाशी नुसतं खडकावर बसून फुकट बघता येतं. किनाऱ्यावरून बघितलं की प्राण्यांनाही त्रास नाही आणि पोटालाही. डॉक्टरीणबाईंचा हा आग्रहाचा सल्ला आहे.

समिती हात करते आहे. चहाच्या टेबलावर माझा लॅपटॉप ठेवला आहे, फोटो बघून घ्या. त्यात पाणी फार आहे हे आधीच सांगते. त्याच्याशेजारी त्या पाच नावांचा कागद आणि पेन ठेवलं आहे. कुणाला त्यांच्यापैकी कुणाचं गाव, माहेर, भावाचं दुकान, काहीही आठवत असेल तर लिहा. शोधून सापडलं नसेल तर तेही लिहा, तारीख घालून.